तिसरी प्रत

हवल्लीच्या दुकानात अबू वाएलने
ड्राइव्ह कानाशी धरला,
नारळ घेताना आपण धरतो तसा.
टक्. टक्. मग एक सुस्कारा.
"आज चलता. कल मालूम नहीं."
त्याचं हिंदी गल्ल्यावर शिकलेलं,
त्यात भविष्यकाळ नाही.

अकरा वर्षं आहेत त्या डबीत.
निनादचे दुधाचे दात, सगळ्यांची सिव्हिल आयडी,
ह्यांची अँजिओग्राफी,
आणि आई होती तेव्हाचा तिचा आवाज,
आंबोळीचं प्रमाण सांगणारा,
मध्येच कुणाला तरी "गॅस बंद कर गं" म्हणून ओरडणारा.

अबू वाएलने काउंटरवर मांडामांड केली.
हा फिरत्या तबकडीचा, स्वस्त, पडला की मेला.
हा चिपचा, पडला तरी चालतो,
पण फार दिवस विजेविना राहिला तर विसरूही शकतो.
हा दोन खणांचा, एकात ठेवा, दुसऱ्यात आपोआप.
मी त्याच्यावर हात ठेवला, तर खोपकर मागून म्हणाले,
"आरसा आहे तो, वहिनी.
आपलं नाक कापलं की आरशातलंही जातं."

खोपकर नव्वदच्या ऑगस्टात
दोन बॅगा घेऊन इथून निघाले होते.
बसरा, बगदाद, मग अम्मानचा तंबू.
लग्नाचा अल्बम सल्मियातच राहिला.
"निगेटिव्ह नव्हत्या?"
"होत्या की. त्याच कपाटात. अल्बमच्याच खाली."
हे सांगताना ते दरवेळी हसतात.

दोन ड्राइव्ह घेतले,
आणि टोस्टरसारखा एक डॉक, दोन फटींचा.

रात्री धूळ सुटली.
खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबून मी बसले.
स्क्रीनवर बाण एकच.
उलटा लागला तर रिकामं भरल्यावर उतरणार,
इमानेइतबारे, एकही अक्षर न चुकता.
टेपवर लिहिलं: जुना. नवा.
तरी तीनदा काढून पाहिलं,
कुलूप ओढून पाहावं तसं.

एकाहत्तर टक्क्यांवर ते अडलं.
बारा ठिकाणी वाचता येत नाही. पुढे जाऊ?
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

पहाटे एकेक उघडत बसले,
कारण न उघडलेला बॅकअप म्हणजे झाकलेलं पातेलं,
आत भात आहे असं आपण धरून चालतो.
दात होते. आयडी होत्या. ह्यांचं हृदय होतं.
आई म्हणाली, "तांदूळ दोन वाट्या, उडीद..."
आणि एकदम, "गॅस बंद कर गं."

गुरुवारी परकार वहिनी चिपळूणला निघाल्या.
दुसऱ्या नव्या ड्राइव्हवर सगळं पुन्हा उतरवून
मोज्यात गुंडाळून त्यांच्या बॅगेत दिलं,
दूध पावडरच्या डब्याशेजारी.
भावाला चिठ्ठी:
उन्हात ठेवू नकोस. दर दिवाळीला लावून बघ.
आणि त्या दिवशी गॅसपाशी कोण उभी होती आठवून
तिला विचार,
उडीद किती.