बावीस युनिट

पत्ता खिशात होता,
मेडिकलच्या ओपीडीच्या चिठ्ठीमागे, डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात:
भांडे प्लॉट, व्यायामशाळेमागची खोली,
मंगळवार-शनिवार, साडेसात.
तीन मंगळवार मी तो घामात भिजवला.

एकोणीस वर्षं या भागात वीजमीटर वाचतो मी.
कोणाचं कुत्रं चावतं, कोणाचं नुसतंच भुंकतं,
कोणत्या जिन्याला तिसरी पायरी नाही,
सगळं पाठ.
पव्वा उधार कोण देतो,
सकाळी सहाला अर्ध्या शटरखालून कोणाचा हात येतो,
तेही पाठ.
दारूचं दुकान विचारलं
तर अनोळखी माणूससुद्धा कोपऱ्यापर्यंत सोडायला येतो.
पण हे कसं विचारायचं,
भाऊ, ते सोडणारे कुठं बसतात?

पहिल्या मंगळवारी विचारलं, व्यायामशाळा कुठं आहे.
माहीत होती. तरी विचारलं.
पानठेल्यावरचा पोरगा माझ्या पोटाकडे पाहून म्हणाला,
"काका, आता कायले? हाडं मोडतीन ना."
हसलो. तिथूनच परतलो.
परतताना काय झालं
ते कुंदाला ठाऊक, आणि दाराच्या कडीला.

दुसऱ्या मंगळवारी उसाच्या गाडीशी उभा राहिलो,
चरकाचे घुंगरू ऐकत, साडेआठपर्यंत.
तिसऱ्याचं आठवत नाही.

मग शनिवार आला.
चप्पल घालत होतो तर कुंदा आतूनच म्हणाली,
"जाऊन राह्यले का?"
मी तिला काही सांगितलं नव्हतं.
धुण्याआधी शर्टाचे खिसे तीच तपासते.
चिठ्ठी तिनंच काढली असणार,
तिनंच परत ठेवली असणार, तशीच घडी घालून.

व्यायामशाळेला वळसा घातला.
पत्र्याचं दार,
आणि दाराशेजारी, डोक्याच्या उंचीवर,
ते मीटर.
अरे, याला तर मी ओळखतो!
दर महिन्याला बावीस युनिट. कधी चोवीस.
सारं नागपूर कुलरखाली बसतं त्या मे महिन्यातही
हा काटा हलत नाही.
वापर एवढा कमी दिसला की आम्हाला संशय येतो.
एकदा मीच शेऱ्यात लिहिलं होतं,
'तपासावे.'

आत एक ट्यूबलाइट, एक पंखा,
कोपऱ्यात गंजलेले डंबेल,
सात माणसं, आठ खुर्च्या.
आठवी कोणासाठी, ते मी विचारलं नाही.
बिलावर आम्ही आडनाव आधी छापतो.
आडनाव वाचलं की अर्धी वस्ती कळते,
पाणी मागावं की नाही, तेही कळतं काहींना.
इथं आडनावाचा रकानाच नव्हता.
मी रझ्झाक, मद्यपी.
मी रोझलिन, मद्यपी.
मी घनश्याम, मद्यपी; आणि घनश्यामनं सांगितलं
पोरीच्या लग्नात, भरल्या पंगतीत
तो वरणाच्या गंजावर कसा पडला.
कोणी च् च् केलं नाही.
कोणीतरी थर्मासमधून त्याला चहा ओतला.

माझी पाळी आली.
"मी मीटरवाला," म्हणालो.
रझ्झाक हसला, "बिल आणलं का बे?"
सगळे हसले, मीही.
मग म्हणालो, मी दिवाकर.
दुसरा शब्द घशातच राहिला.
ते थांबले.
पंखा कुईंकुईं करत फिरत होता,
एवढ्यासाठी कोणी एवढा वेळ
मला कधी दिला नव्हता.
शब्द आला नाही.
"मंगळवारी पाहू," रोझलिन म्हणाली,
आणि खुर्च्या उचलायला मला हाताशी घेतलं.

पुढल्या गुरुवारी त्या गल्लीत रीडिंग आहे.
शेऱ्यात काय लिहायचं, अजून ठरत नाही.

घरी पोचलो. कुंदानं दार उघडलं,
रोजच्यासारखं नाक पुढे आणून
माझ्या तोंडाचा वास घेतला.
थोडी थांबली. परत घेतला.
"अद्रक टाकलं होतं का चहात?" म्हणाली,
आणि ताट वाढायला वळली.