पेल्याची कड

मीटिंग देवळातच झाली, मागच्या बाकांवर,
लाइट गेलेली, पंखा बंद.
पाळकसाहेब नवे. वय बत्तीस, गिटार वाजवतात,
माणूस वाईट नाही.
म्हणाले, त्रिभुवन गुरुजी, कोरोना गावातून गेला
पण लोकांच्या मनातून गेला नाही.
आता प्लॅस्टिकचे छोटे पेले, ज्याचा त्याला.
औरंगाबादेत मिळतात, शंभराचं पाकीट.

अकरा हात वर.
विरोधात मी, आणि बहिऱ्या रिबकाबाई पटेकर,
ज्यांना विषय काय होता ते नंतर कळलं.

मी नीट बोललो नाही. बोलायला हवं होतं,
की माझा आजा भागाजी
ह्या गावच्या आडात दोर सोडू शकत नव्हता.
ओंजळ धरून दुपारभर उभा,
वरून कुणी ओतलं तर पाणी,
नाहीतर शिवनेच्या वाळूतला झिरा.
आणि बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या नाताळात
ह्याच कठड्याशी त्यानं गुडघे टेकले,
शेजारी छावणीतून शिकारीला आलेला गोरा कप्तान.
कप्तान प्याला. पेला सरकला.
त्याच कडेला आज्याचे ओठ.
घरी येऊन म्हणे तीन दिवस गप्प होता.
चौथ्या दिवशी भाकर मोडता मोडता आजीला म्हणाला,
"तिथं उष्टं नसतं गं."

आमचं धर्मशास्त्र एवढंच.
बाकीचं मी घंटेची दोरी ओढता ओढता शिकलो.

दुसरा विषय एस्तेरचा.
माझ्या चुलतभावाची लेक, वैजापुरात नर्स.
पहिला नवरा मारायचा, हे खरं.
कोर्टानं मोकळं केलं, हेही खरं.
आता दुसरं लग्न, तेही देवळात,
तीन रविवार पुकार वाचून.
पाळकसाहेब म्हणाले, काळ बदललाय, गुरुजी.
मी म्हणालो, शपथेत काळाचं नाव कुठं होतं?
मरणाचं होतं.
ह्या वेळी मात्र मी नीट बोललो.
सात विरुद्ध सहा.
सातवा हात माझा.

त्या रात्री मला झोप लागली. खोटं कशाला बोलू.

रविवारी ट्रे फिरला.
रिकामे पेले डब्यात पडताना
पत्र्यावर गारा पडाव्यात तसे वाजले.
माझं मन राखायला पाळकसाहेबांनी
डाव्या टोकाला जुना चांदीचा पेला ठेवलेला,
"ज्यांना हवा त्यांना तुम्हीच द्या."
रिबकाबाई आल्या, नातीचा हात धरून.
मग कुणी नाही.
मी उभा. पेला जड नाही, पण तीस वर्षांत
पहिल्यांदा मनगट दुखलं.

मग एस्तेर उठली.
ट्रे तिच्या बाकाजवळ होता, चार पावलांवर.
ती अख्खं देऊळ ओलांडून इकडे आली,
गुडघे टेकले, वर पाहिलं नाही.
नेहमीचं वाक्य म्हणताना
माझा एक शब्द मध्येच राहिला.
तिनं दोन्ही हातांनी पेला धरला,
नखांना दवाखान्यातल्या औषधाचा जांभळा डाग.
नियम असा आहे:
कड पुसायची, पेला थोडा फिरवायचा, मग पुढचा.
पुढचं कुणी नव्हतं.
रुमाल मनगटावर तसाच राहिला.

उरलेला रस ओतायचा नसतो,
मोरीत नाही, झाडाच्या बुडाशीही नाही.
ज्यानं पेला धरला, त्यानं संपवायचा.
उपासना सुटल्यावर आतल्या खोलीत मी एकटा,
खिडकीबाहेर तुरीला पिवळी फुलं,
कुणाचा तरी ट्रॅक्टर सुरूच होत नव्हता.

माझं मत बदललेलं नाही.
उद्या पुन्हा विचारलं तरी हात तिकडेच जाईल.
ती कुठल्या बाजूनं प्याली ते मला माहीत होतं.
मी पेला फिरवला नाही.

नंतर धुतला, फडक्यात गुंडाळला,
कपाटाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं.