धाव

तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलसमोर शाजीचं दुकान.
बाहेर टायरांचे मनोरे, आत अगरबत्ती
आणि कॉम्प्रेसर, दम्याचा माणूस जिना चढतो तसा.
कंटेनरांच्या रांगेत माझी दोन सीटची पिवळी गाडी,
भरल्या पानात कोपऱ्याला
लिंबाची फोड असते तेवढीच.

"दोनशे पंचवीस," मी म्हटलं.
घरून पाठ करून आले होते.
न्हावा-शेव्याला दिवसभर मी दुसऱ्यांच्या मालाचे
आकडे भरते. हा आकडा माझा होता.
मागून पाहिलं की गाडी
मांडी ठोकून बसलेली दिसावी.
दिसावी. खरं कारण एवढंच.
पकड, वळण, ब्रेक ही कारणं नंतर गोळा केली,
मुलगी आधीच पसंत पडल्यावर
पत्रिका जुळवून घेतात तशी.

शाजी उकिडवा बसला.
टायर आणि फेंडरच्या मधे दोन बोटं घातली.
तिसरं घालून पाहिलं. अडकलं.
"चेची, फुल वळवला की आतून घासणार.
रिम साडेसहा इंच. त्याच्यावर दोनशे पंचवीस म्हणजे..."
आणि गाल फुगवून दाखवले.
"पाणी साठलं रस्त्याला, तर रुंद टायर होडी होते."

ऐरोलीच्या नचिकेतने बसवलेत की, मी म्हटलं.
"आलता," शाजी म्हणाला. "परत आलता."

अंथरूण पाहून पाय पसरावे
हे फळ्यावर रोज लिहायचे आमचे मास्तर.
रिमचं कुणी काही लिहिलं नाही.

मग उगाच आजोबा आठवले.
मुरबाडकडे ते बैलगाडीच्या चाकांना धाव चढवत.
लोखंडाची पट्टी, गोल वळवलेली,
मुद्दाम चाकाहून बोटभर आखूड.
गोवऱ्यांच्या जाळात लाल होऊन ती फाकायची,
चाकावर बसायची,
आणि वरून पाणी ओतलं की अशी आवळायची
की लाकूड कण्हायचं.
मी हे पाहिलेलं नाही.
बाबांनी कळव्याच्या क्वार्टरमध्ये सांगितलं,
वाटीभोवती रबरबँड ताणून बसवत.
धाव सैल केली, म्हणाले,
तर ती चाकाबरोबर येत नाही,
एकटीच धावते.

शाजीला ह्यातलं काही सांगितलं नाही.
त्याच्या गिऱ्हाइकांना घाई असते
आणि माझ्या आजोबांचं बिल त्याने का भरावं.

एकशे पंच्याण्णव काढले, दोनशे पाच घातले.
दहा मिलिमीटर.
करंगळीच्या नखाएवढी श्रीमंती.
चार चाकांचे मिळून चाळीस.
खाडी बुजवून जमीन करणाऱ्या ह्या शहरात
मला चार सेंटिमीटर जास्तीचा रस्ता मिळाला,
जीएसटीच्या पावतीसकट.

"दोनशे किलोमीटर हळू," शाजी म्हणाला.
"नवा टायर घसरतो. त्यालाही रस्ता माहीत नाही."
नव्या टायरांना केस असतात, रबराचे, बारीक.
मी एक उपटून पाहिला.

पाम बीचवर साठच्या आत.
सीवूड्सच्या सिग्नलला शेजारी एक पोरगा थांबला,
त्याचे मागचे टायर कमानीबाहेर आलेले,
पोट पट्ट्याबाहेर यावं तसे.
त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या टायरांकडे.
हिरवा झाला. तो गेला,
आणि गेल्यावरही बराच वेळ त्याचा आवाज तिथेच होता.

नेरुळला सोसायटीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये
स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं.
काच खाली करून कान दिला.
मग उजवीकडे.

कुठेच काही घासलं नाही.

थोडं वाईट वाटलं.