खांदेपालट

डगी मिल्नच्या डाव्या हाताला तीन बोटं.
अंगठा, तर्जनी, मधलं.
उरलेली दोन एकोणीसशे एकाहत्तरच्या एका मंगळवारी
लॉकीच्या तागाच्या गिरणीत राहिली.
त्या गिरणीत आता फ्लॅट आहेत,
खाली कार्पेट, वर जुनी चिमणी.

करंगळी नाही म्हणजे शिफ्ट नाही,
शिफ्ट नाही म्हणजे धावणं नाही.
अनामिका नाही, म्हणजे ए नाही,
म्हणजे डावीकडे जाणंच नाही.
"म्हणून मी फक्त उजवीकडे चालतो," तो म्हणाला,
"आणि हे आता सगळ्या सर्व्हरला कळलंय."

मी त्याच्या खालच्या मजल्यावर राहते.
मुग्धाचं त्याने मग्दा केलं, मी दुरुस्त करणं सोडलं.
दिवसभर डंडीतल्या एका कंपनीत
दुसऱ्यांच्या खेळातली बटणं दाबत बसते,
कुठे काय अडतं ते लिहून देते.
संध्याकाळी हे घरचं काम.

गेमपॅड दिला आधी.
त्यात डाव्या हाताला फक्त अंगठा लागतो,
आणि तर्जनी, नेम धरायला.
जमलं. डावीकडे गेला!
खुर्चीतल्या खुर्चीत सगळाच डावीकडे कलला.
पण उजव्या अंगठ्याने नेम घेणं म्हणजे
चमच्याने सुई ओवणं, असं त्याचं मत,
आणि नेमाला खेळाने केलेली मदत त्याला चालत नाही.
"माझी गोळी मला चुकवू दे."

मग अर्धं-अर्धं केलं.
डावीकडे पॅडची काडी, उजवीकडे माऊस.
बिचारा खेळ गोंधळला:
क्षणात म्हणे ई दाबा, क्षणात म्हणे चौकोन,
पडद्यावरची चिन्हं डोळे मिचकावत राहिली,
आपण कोणाशी बोलतोय हे त्याला ठरवता येईना.

वर-खाली उलटं हवं, हाही हट्ट.
खाली ओढलं की वर दिसायला पाहिजे.
रहाटासारखं, मी म्हटलं.
रहाट म्हणजे काय हे सांगण्यात चहा गार झाला.

हा खेळ पाठमोरा आहे.
आपणच आपल्यामागे चार पावलांवर उभे,
स्वतःचं जाकीट, स्वतःची मान, चेहरा कधीच नाही.
कॅमेरा उजव्या खांद्यावरून बघतो,
भिंतीच्या डाव्या कडेने डोकवायचं तर खांदा बदलावा लागतो.
त्याचं बटण मी मधल्या बोटाला दिलं.
"तुमच्या भाषेत काय म्हणतात याला?"
खांदेपालट, मी म्हटलं.
पालखीचा शब्द. तिरडीचाही.
लांब जायचं असलं की माणसं खांदे बदलतात.
हल्ली मंत्र्यांसाठी वापरतात.

मंत्र्यांवर तो हसला नाही.
"आमच्यात दोऱ्या असतात," म्हणाला,
"पेटी खाली सोडायला. प्रत्येक दोरीला नंबर.
आयलाच्या वेळी माझा एक नंबर, डोक्याकडचा.
डाव्या हाताने धरली. मुद्दाम."
बाहेर टे नदीवरून वारा आला, खिडकी थोडी वाजली.

शेवटची सेटिंग उरली होती.
नेमाचं बटण: दाबून धरायचं,
की एकदा दाबून सोडायचं?
सोडलेलं बरं, मी सांगितलं,
दुसऱ्या सामन्यापर्यंत हात दुखायला लागेल.
त्याने पडद्याकडे बघितलं,
स्वतःच्याच पाठीकडे, जी त्याची वाट बघत उभी होती.
"धरायचं," म्हणाला.

मग लॉबीत कुणीतरी पोरगा,
आवाज न फुटलेला, लीड्सचा की कुठला, विचारतो:
कीबोर्ड की पॅड?
डगी माईक तोंडाशी आणतो, खूप जवळ,
"दोन्ही नाही रे राजा," असं काहीसं त्याच्या बोलीत.
सामना सुरू होतो.
पहिल्याच भिंतीमागे तो डावीकडे वळतो,
खांदा बदलतो,
आणि पोराने टाकलेल्या बॉम्बवर
सरळ जाऊन उभा राहतो.