फॉस्फरसला पंख नसतात

सकाळी सहा चाळीसला मी बाटली भरते.
नदीत जायच्या आधीचं पाणी,
खडकवासल्याहून नळाने आलेलं,
नाना पेठेतल्या भांड्यांवरून, कोथरूडच्या मोऱ्यांतून,
कुणाच्या तरी सुतकाच्या आंघोळीवरून
मुंढव्याच्या अलीकडे आमच्या केंद्रात पोचलेलं.
बाटलीवर पेन्सिलने तारीख. शाई पुसते.

मॉलिब्डेटचे थेंब टाकायचे, दहा मिनिटं थांबायचं.
पाणी निळं होत जातं.
जितकं निळं, तितका फॉस्फरस.
सोमवारचं निळं जरा गडद येतं,
रविवारच्या मटणामुळे, असं भोसेकर साहेब म्हणतात.
पुरावा नाही, पण प्रयोगशाळेने मान्य केलंय.

ट्रेनिंगला आलेल्या पोरांना मी सांगते,
नायट्रोजनचं बरं असतं.
टाकीतल्या जंतूंनी सोडवला की बुडबुडा होऊन वर येतो,
हडपसरच्या हवेत मिसळतो,
आणि कधीतरी, कुठल्यातरी रानात,
हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीत उतरतो.
पाण्याचंही बरं. उन्हात चढतं,
मुळशीच्या डोंगरांना अडतं, परत येतं,
वर बिलही येतं.
फॉस्फरसला पंख नसतात.
तो उतरतो फक्त.
खडकातून मातीत, मातीतून ज्वारीत,
ज्वारीतून माणसाच्या हाडात,
हाडात मावला नाही की माझ्या बाटलीत.

जो आम्हाला सापडत नाही तो पुढे जातो.
जलपर्णी त्याच्यावर जगते, जांभळी फुलं काढते,
पुलावरून लोक फोटो काढतात.
यल्लाप्पा जेसीबीने ती ओढून काठावर रचतो.
ढीग कुजतो, पुन्हा नदीत झिरपतो,
पुन्हा जलपर्णी उगवते, पुन्हा टेंडर निघतं.
पुस्तकातल्या चक्रांच्या आकृतीत
हा बाण कुणी काढलेला नाही.
उरलेला भीमेत, तिथून उजनीत,
तिथे चिलापीच्या काट्यात जाऊन बसतो
आणि बर्फाच्या पेटीतून पुण्याला परत येतो.
पंख नसले तरी टेम्पो असतो.

मांजरीच्या सगुणा कोद्र्यांनी मागच्या वर्षी
यल्लाप्पाकडून दोन ट्रॉल्या मागून नेल्या.
शेण घातलं, सहा महिने खालवर केलं.
मार्चमध्ये गेटवर उभ्या, हातात चाकवत.
"घ्या, तुमच्याच गावाचं आहे."
मी एक जुडी चोरून तपासली. शिसं, कॅडमियम, क्रोमियम.
मग दुसरी शिजवली.

त्याच चाकवतात मिहिकाचा दात पडला.
खालचा, पुढचा, तांदळाएवढा.
"आता हा कुठे जाणार?"
माझ्या आईने माझे कौलांवर फेकले होते.
आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर चौथा मजला.
मग कढीपत्त्याच्या कुंडीत चमच्याने खड्डा केला.
तिने पाणी घातलं, जास्तच घातलं,
खालच्या बाल्कनीतून कुलकर्णी ओरडले.

तिला सांगितलं नाही
की हा दात ती जन्मायच्या आधीचा आहे.
चौथ्या महिन्यात मला भाकरीखेरीज काही राहत नव्हतं,
त्या भाकऱ्यांतून, माझ्यातून,
तिच्या बंद हिरडीत त्याचा पहिला थर बसला.
तेव्हाही मी रोज सकाळी बाटली भरत होते
आणि पाणी निळं होत होतं.

आता कुंडीला नवी पालवी आलीय.
दातामुळे नाही, दात इतक्यात विरघळत नसतो,
कुलकर्णींच्या ओरडण्याने असेल.
मिहिका पोह्यांतली पानं वेचून ताटाच्या कडेला लावते,
एकाखाली एक, ओळीत.
मी ती उचलते, उभ्याउभ्या खाते.
काही परत आल्यासारखी वगैरे चव नाही.
कढीपत्त्याची आहे.

सहा दहाची बस चुकली तर
नमुन्याची वेळ चुकते.