फुटलं नव्हतं

त्या दिवशी धरणावरून आलेला आकडा
मीच उतरवून घेतला होता, निळ्या शाईत,
सकाळी आठचा, मग चारचा.
दोन्हींत बोटभराचा फरक. भिंत भिंतीच्या जागी.
तरी दुपारी सव्वादोनला
अर्धी पंचवटी मालेगाव स्टँडचा चढ
अनवाणी चढून गेली.

रिटायर झाल्यावर लोक कुंड्या लावतात.
मी दोनशे पानी वही आणली
आणि विचारत सुटलो,
धरण फुटल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?

तांबट गल्लीतल्या वत्सलाबाई म्हणाल्या, जावेच्या भावानं.
त्यानं डोळ्यांनी पाहिली, गाडगे महाराज पुलाशी, दुमजली लाट.
जावेचा भाऊ म्हणाला,
मी तर त्या दिवशी सिन्नरला होतो, लग्नात.
हनीफ कोकणींना पोलिसानं सांगितलं,
पोलिसाला रिक्षावाल्यानं,
रिक्षावाल्याला मागे बसलेल्या बाईनं,
ती बाई कुठे उतरली कोणालाच ठाऊक नाही.
ऐकणारे सगळे भेटले.
पाहणारा दर वेळी
एक घर पलीकडे राहायला गेलेला.

एकानं नारोशंकराची घंटा ऐकली. गळ्याची शपथ.
म्हटलं, घंटेला पाणी लागायचं
तर आधी दुतोंड्या मारुती बुडायला हवा.
म्हणाला, बुडाला असेल की.
पळताना आम्ही काय मागे बघत होतो?

डाव्या पानावर अफवा लिहीत गेलो.
उजवं कोरं ठेवलं, पुराव्यासाठी.
तिथे भलतंच येऊन बसलं.
वत्सलाबाईंनी कुकर उचलला होता, गरम,
तिसरी शिट्टी चढावर झाली म्हणे.
बेदमुथा शेठनी गल्ला उघडा टाकला
आणि उधारीची चोपडी छातीशी धरून पळाले.
पेखळे मास्तर म्हणाले, मी पोपट नेला,
आणि मग बराच वेळ सुपारीच कातरत राहिले.
आजी खाटेवर होत्या,
हे त्यांच्या सुनेनं सांगितलं, जिन्यात, हळू.
पुढे सहा वर्षं जगल्या.
पोपटाशी बोलायच्या.
मुलाशी नाही.

असा उलटा उलटा जात
दहीपुलावरच्या एका भांड्यांच्या दुकानात पोचलो.
मालक वारलेले. मुलाला आठवत होतं.
कोणीतरी म्हणालं, गंगेचं पाणी आज गढूळ दिसतंय,
म्हणून वडिलांनी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात फोन लावला.
पलीकडचा कारकून म्हणाला,
साहेब जेवायला गेलेत, मला काही सांगता येणार नाही.
वडिलांनी फोन ठेवला. गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाले,
लपवतायत.

मुलानं चहा मागवला. मी प्यायलो.
त्या वर्षी त्या टेबलावर
दुपारचा मीच असायचो.
फोन आठवत नाही.
ते वाक्य मी दिवसातून वीसदा बोलायचो,
पगार त्याचाच होता.
आणि साहेब खरोखरच जेवायला गेले होते.

हे वहीत उतरवायचं राहिलंय.
डाव्या पानावर की उजव्या, ठरत नाही.

काल रविवार कारंजावर दाढीला बसलो
तर न्हावी कानाशी वाकून म्हणाला,
कळलं का काका,
पाटबंधाऱ्याचा एक म्हातारा वही घेऊन घरोघर फिरतोय,
तेव्हाचं खोदून खोदून विचारतोय.
उगाच विचारेल का?
भिंतीत काहीतरी आहे.
म्हटलं, तुला कोणी सांगितलं?
मेव्हण्यानं, म्हणाला.
त्यानं स्वतः पाहिलंय त्याला. उंच आहे, दाढीवाला.
वस्तरा गळ्यावर होता. गप्प राहिलो.

संध्याकाळी गंगेवर जाऊन आलो.
पाणी मारुतीच्या पायांपासून चांगलं लांब होतं,
दोन पोरं तिथे सायकल धूत होती.
परत निघालो,
आणि पुलावरून
एकदा पुन्हा पाहून घेतलं.