अंगठा

बर्फाच्या कारखान्यावरची ही खोली सोसायटीची.
एक टेबल, एक वायरलेस सेट,
गोणपाटावर ठेवलेली ट्रकची बॅटरी
आणि वही, जिच्यात अडतीस होड्यांची नावं
माझ्याच अक्षरात.

मे संपायला अकरा दिवस.
बंदीआधीची शेवटची फेरी, म्हणून कुणी ऐकलं नाही.
मीही नीट सांगितलं नव्हतं, खरं तर.
हवामानवाले दोनदा ओरडतात, एकदा येतं.

साडेसहाला मोबाइलचा टॉवर गेला, पाठोपाठ वीज.
वलांड्यांवरचे अर्धवट सुकलेले बोंबील
पत्र्यांवर येऊन आपटू लागले,
कुणी ओल्या चपला फेकाव्यात तसे.
मढच्या अख्ख्या किनाऱ्यावर
आवाज जाईल अशी एकच वाट उरली:
सोळा नंबर.

मी नावं पुकारत गेले.
हिरकणी, बोला.
हिरकणी हाय, वसईच्या खाडीत शिरतोय.
समुद्रफूल, बोला.
अर्नाळ्याला नांगर टाकलाय.
नावापुढे टिंब. पुढचं नाव. टिंब.
दहापर्यंत सदतीस.
रत्नसागर, बोला.
रत्नसागर.
रत्नसागर.

तेव्हा चांगुणाबाय जिना चढून आली,
लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.
खाली पंधरावीस जणी उभ्या होत्या, वर तीच आली.
"मना दे," म्हणाली. "माजा आवाज तो वलखंल."
नियमात बसत नाही. माइक दिला.
दाखवलं: दाबलं की बोलायचं,
सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही.

तिनं दाबलं.
मोरेश्वराला सांगितलं की कौलं गेली,
पोरगी आपल्या कुशीत झोपलीय,
आणि गणपतीतल्या भांडणात चूक आपलीच होती.
सदतीस होड्या ऐकत होत्या.
सगळं सांगून झालं, तरी बटण सोडेना.

"बाय, सोड. तो बोलत असंल तर कळंल कसं?"
सोडेना.
मला समजत होतं. दाबलेलं आहे तोवर
तो तिकडे आहे, ऐकतो आहे.
सोडलं की उत्तर येणार, नाहीतर ते दुसरं.

सेटचा लाल दिवा पेटलेला, बॅटरीचा काटा उतरत चाललेला,
आणि एका अंगठ्याखाली अख्खा दर्या मुका.
डिझेलच्या कर्जाला, जाळ्याच्या कर्जाला
हाच अंगठा धरून मी शाईत टेकवला होता,
ह्याच टेबलावर.
कोलंबी सोलून सोलून गुळगुळीत झालेला,
ठसा कधी धड उमटायचा नाही.
तसाच धरला. उचलला.

खर्र.
नुसतीच खर्र, पत्र्यावर वाळू सांडत राहावी तशी.

काहीतरी करायला हवं म्हणून म्हटलं:
रत्नसागर, माइक भिजला असेल तर बोलू नका.
ऐकू येत असेल तर बटण दोनदा दाबा.

खर्र थांबली. आली.
थांबली. आली.

"ही ईजपन आसंल," चांगुणाबाय म्हणाली.
"त्याला इचार, पोरगी किती वर्साची."

विचारलं.
खर्र थांबली, आली. दोन. तीन.
चार.
मग वाट बघितली. पुढे काही नाही.

मी तिच्याकडे बघायचं टाळलं.
पोरीचा पाचवा वाढदिवस होळीतच झाला होता,
केक मीही खाल्ला होता.

"पाच झायली गो तिला, पाच!"
ती माइकवर ओरडली, बटण न दाबताच.
"बापाला कवा म्हायीत व्हता?
त्योच हाय. त्योच हाय मेला."
आणि मटकन बसली बॅटरीशेजारी, गोणपाटावर.

सकाळी टॉवर आला. खिशातला फोन
एकोणीस वेळा थरथरला.
कालचे संदेश, एकाखाली एक:
मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

रत्नसागर तिसऱ्या दिवशी आली, हिरकणीच्या दोराला बांधून,
वल्हवायची काठीसुद्धा शिल्लक नाही.

वहीत तिच्यापुढे चार टिंबं आहेत.
ऑडिटवाला दरवेळी बोट ठेवून विचारतो,
बाकी सगळ्यांना एकेक,
इथे हे काय?